प्यादेमातीचा मोह

नवऱ्याशी हात मिळवायची वेळ बायकोवर सहसा येत नाही. माझ्यावर ती वर्षातून एक-दोनदा तरी येते. मधे पट, बाजूला घड्याळ, आणि समोर तो माणूस, ज्याचा डबा मी सकाळीच भरून घेतलेला असतो. आम्ही दोघं उठून उभे राहतो, हात मिळवतो, 'गुड लक' म्हणतो आणि खाली बसतो. भोवतीचे लोक हसतात. मला त्या हसण्याचा राग येतो. त्याला येत नाही, त्याला तसा कशाचाच लवकर राग येत नाही, आणि मला त्याचाही राग येतो.

मी गंगाखेडची, आम्ही राहतोही तिथंच. शाळेत गणित शिकवते. बुद्धिबळ मी पुस्तकातून शिकले, मग स्पर्धांमधून, आता मोबाईलवरूनही शिकते. तो झरीचा. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. तो शिकला त्याच्या वडिलांकडून, म्हणजे माझ्या सासऱ्यांकडून, गावातल्या मारुतीच्या पारावर. आमची ओळखच एका स्पर्धेत झाली. त्यानं मला हरवलं, आणि वर 'तुमचं कुठं चुकलं सांगू का?' असं विचारायला आला. मी म्हटलं, 'नको.' तरी त्यानं सांगितलं. चहा संपेपर्यंत सांगत होता. पुढं त्याच्या घरचे लोक मला बघायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, शिवणकाम येतं का, असलं काही मला कुणी विचारलं नाही. सासऱ्यांनी एकच विचारलं, "आधी घोडे काढतीस का उंट?" मी म्हटलं, घोडे. ते मुलाकडे बघून म्हणाले, "बरं हाय."

सासऱ्यांचा खेळ देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीला एकच घर पुढं जातं, आणि शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. पण त्यांच्या खेळातली खरी गोष्ट वेगळीच आहे. वजिरानं मात केली तर ती नुसती मात. हत्तीनं केली तरी नुसतीच. पण साध्या प्याद्यानं राजाला कोंडलं तर ती प्यादेमात, आणि तिच्यासारखी इज्जत दुसऱ्या कशात नाही. ज्याच्यावर प्यादेमात बसली तो माणूस पुढच्या बाजाराच्या दिवसापर्यंत पाराकडे फिरकायचा नाही. ज्यानं केली तो काही काम नसताना दिवसातून दोनदा तिथून जायचा. सासरे आजही कुणाची ओळख करून देताना, "ह्याच्यावर मी प्यादेमात केली होती," असं सांगतात. समोरचा माणूस सत्तरीचा असतो, आणि तोही मान खाली घालतो.

हे सगळं माझ्या नवऱ्याच्या रक्तात उतरलंय. स्पर्धांमध्ये खेळायला लागल्यावर त्यानं नवे नियम शिकून घेतले, रेटिंग मिळवलं, जिल्ह्यात त्याच्या तोडीचे फार थोडे राहिले. पण घरी माझ्याशी खेळताना, मी पुरती हरलेली असताना, तो वजिराची सरळ मात सोडून प्याद्यामागं प्यादं ढकलत बसायचा. 'अहो, संपवा की एकदाचं,' मी ओरडायची. 'थांब गं,' तो म्हणायचा, आणि मिशीत हसायचा. एकदा त्यानं अशी प्यादेमात केली आणि झरीला फोन लावला. मी त्या दिवशी भाजीत मीठ घातलं नाही. मुद्दाम.

ते घरचं झालं. स्पर्धेतला हिशेब वेगळा होता. समोरासमोर आलो की बहुतेक वेळा तो जिंकायचा, कधीतरी बरोबरी व्हायची. मी त्याला एकदाही हरवलेलं नव्हतं. त्या बरोबऱ्यांचंही लोक मला सुख लागू देत नसत. 'घरची तडजोड झाली वाटतं!' असं म्हणायचे. एक बरोबरी मी हरत आलेला डाव अक्षरशः दातओठ खाऊन वाचवून मिळवली होती. तिलाही तडजोडच म्हणाले. तेव्हापासून मला एकच पाहिजे होतं. एकदा ह्या माणसाला हरवायचं, आणि असं हरवायचं की कुणालाही त्यात त्याची मेहेरबानी दिसता कामा नये. मला स्वतःलाही.

आणि मग ती जिल्ह्याची खुली स्पर्धा आली. परभणीला, एका मंगल कार्यालयात. लग्नाच्या जेवणाची लांब टेबलं जोडून त्यावर पट मांडलेले, वर पंखे गरगरतायत, स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची कागदी फुलं अजून लटकलेली. शेवटच्या फेरीच्या आधी तो पहिला होता, मी त्याच्या अर्ध्या गुणानं मागं. जोड्यांचा कागद भिंतीवर लागला तेव्हा मी गर्दीतून मान उंच करून बघितलं, आणि पहिल्या पटावर आमची दोघांची नावं एकासमोर एक होती. त्याला बरोबरी पुरत होती. मला जिंकायलाच पाहिजे होतं.

वालूरचे एक काका आहेत. निवृत्त आहेत, पण एकही स्पर्धा सोडत नाहीत. सकाळीच माझ्याकडून हरले होते, त्यामुळं त्यांच्या जिभेला धार आलेली. ते माझ्या मागं उभे राहून म्हणाले, "वैनी, आता खेळताव कशाला? कप तुमच्याच घरी जायलाय. इकडून न्या न्हाईतर तिकडून न्या."

"काका, घरीच ठरवायचं असतं तर घरीच खेळलो असतो," मी म्हटलं.

"भाऊ सोडतोय बगा आज," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बायको हाय शेवटी."

दुपारी आम्ही मंगल कार्यालयाच्या मागच्या पायऱ्यांवर डबा उघडला. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही. तो मन लावून जेवत होता. मी घास नुसता हातात धरून बसले होते. मी त्याला म्हटलं, "हे बघा. आज तुम्ही मला डाव सोडला असं मला नुसतं वाटलं जरी, तरी घरात पट ठेवणार नाही मी. माळ्यावर टाकून देईन."

"सोडायला मी काय येडा हाय का?" तो म्हणाला. "पहिला नंबर हाय माझा."

"लोक म्हणतायत."

"लोकाला काय काम हाय? तू जेव आधी. उपाशीपोटी हरशील आन् माझ्यावर ढकलशील." आणि त्यानं माझ्या वाटणीचं दहीही संपवलं.

पांढऱ्या सोंगट्या माझ्या होत्या. हात मिळवला, लोक हसले, मी घड्याळाकडं बघितलं आणि वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारलं. आमच्या सगळ्या संसारात मी ही सुरुवात त्याच्यासमोर कधी केली नव्हती. मी नेहमी राजापुढचं प्यादं काढते, हे त्याला झोपेतही ठाऊक. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं. डाव सुरू असताना तो माझ्याकडं कधीच बघत नाही. मला इतका आनंद झाला की पुढच्या दोन चाली मी फारसा विचार न करताच केल्या.

त्याची सुरुवातीला जरा धांदल उडाली. मला एक प्यादं फुकट मिळालं. पण तो मुरलेला खेळाडू आहे, घाबरत नाही. त्यानं ते प्यादं जाऊ दिलं आणि एकेक करून आपली माणसं माझ्या राजाच्या अंगावर आणायला लागला. आधी हत्ती आणला, मग त्याच्या शेजारी वजीर. माझा राजा कोपऱ्यात जाऊन बसला. त्याच्या बाजूचं घर माझ्याच उंटानं अडवलेलं, आणि पुढचं प्यादं हत्तीनं धरून ठेवलेलं, ते तिरकं हललं की राजावर सरळ शह. आपल्याच घरात आपल्याच सामानानं वाट अडावी तशी गत झाली. वजिराच्या पुढून त्याचं एक प्यादं माझ्या दिशेनं सरकत होतं. आजूबाजूचे डाव संपत आले, लोक आमच्या टेबलाभोवती जमले. वालूरचे काका नेमके माझ्या समोर, त्याच्या खुर्चीमागं उभे.

माझा एक घोडा मात्र पार पलीकडं, त्याच्या मुलखात शिरलेला होता. मी बराच वेळ विचार केला आणि त्या घोड्यानं त्याचा मागच्या ओळीतला उंट मारला. मला उंटाचं एवढं नव्हतं. तिथून पुढच्या एका उडीत तो घोडा राजाला शह देणार होता आणि त्याच उडीत वजीर नि हत्ती दोघांवर डोळा ठेवणार होता. मला वाटलं, ही उडी बसली तर आज इतिहास घडतो. मी घड्याळ दाबलं.

आणि दाबल्याबरोबर मला दिसलं. त्याचा वजीर आडवा सरकून पटाच्या मधोमध आला की तिथून तिरकी रेघ थेट माझ्या राजापर्यंत मोकळी होती. मधे घालायला काही नाही. पळायला घर नाही. मात. एका चालीत मात, आणि ती मी माझ्या हातानं त्याच्या ताटात वाढली होती.

त्यालाही दिसलं. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. जिंकायची चाल दिसली की त्याच्या कानांच्या पाळ्या लाल होतात, हे मला माहीत आहे, त्याला अजून मी सांगितलेलं नाही. त्याचा हात उठला, वजिराच्या डोक्यावर गेला. आमच्या खेळात सोंगटीला बोट लागलं की तीच खेळावी लागते. बोटं आता टेकतील, मी मनातल्या मनात उठायची तयारी केली. आणि त्याचा हात हवेतच थांबला. मग तो मागं गेला, मांडीवर जाऊन बसला.

तो विचार करायला लागला. काकांच्या नाकातून मोठमोठे श्वास यायला लागले. त्यांना ओरडायचं होतं, पण बघणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं. मला काही कळेना. एका चालीचा प्रश्न, ह्यात हा माणूस एवढा काय शोधतोय? मग त्याच्या मिशीत ते हसू दिसलं. ते घरचं हसू. त्यानं हात पुढं केला आणि वजिरापुढचं ते प्यादं एक घर माझ्याकडं ढकललं.

आणि मला लख्ख कळलं. वजीर जागचा न हलता मागून आधार देणार, प्यादं आणखी एक घर पुढं येणार, आणि माझा राजा प्याद्याच्या हातून मरणार. ह्या माणसाला माझ्यावर प्यादेमात करायची होती! शेवटच्या फेरीत, पहिल्या पटावर, सगळ्या जिल्ह्याच्या बुद्धिबळवाल्यांच्या देखत, स्वतःच्या लग्नाच्या बायकोवर प्यादेमात. माझ्या मस्तकात तिडीक गेली.

मी घोडा उचलला आणि ठेवला. शह. त्याच घोड्याच्या एका डोळ्यात वजीर, दुसऱ्यात हत्ती.

तो बघत राहिला. आधी घोड्याकडं, मग वजिराकडं, मग आपल्या त्या प्याद्याकडं. दुकानात पिशवी विसरून आलेला माणूस रस्त्यात मधेच थांबून जसा चेहरा करतो, तसा त्याचा चेहरा झाला. राजा हलवावाच लागला. मी वजीर घेतला. मागचा वजीरच गेला, मग प्यादं पुढं येऊन शह देतं तोच माझ्या राजानं ते खाल्लं. पुढं तो चिवटपणे झुंजला, पण माझ्याकडं वजीर होता आणि त्याच्याकडं नव्हता. शेवटी त्यानं घड्याळ थांबवलं आणि हात पुढं केला. हात गार पडला होता. "छान खेळलीस," तो म्हणाला, एखाद्या अनोळखी माणसाला म्हणावं तसं, आणि उठून बाहेर निघून गेला.

मी जिंकले होते. मी पहिली आले होते. हे मी मनात दोनदा म्हणून बघेपर्यंत काका टेबलावर वाकले. त्यांनी मोबाईल काढून डाव त्यात घातला होता, आणि मोबाईलही तेच सांगत होता, एका चालीत मात. "बगा वैनी," ते म्हणाले, "म्या सकाळीच म्हणलो होतो. सोडला. ल्हान लेकराला दिसली असती ही मात."

"सोडला नाही काका. त्यांना प्यादेमात करायची होती."

काका हसायलाच लागले. "पारावर करतेत प्यादेमात. आमी बी केल्या. हितं कप हाय, रेटिंग हाय. रेटिंगवाला माणूस असलं करंल व्हय?" बाकीच्यांनीही माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, मोठं मन आहे भाऊंचं. कुणीतरी म्हणालं, असा नवरा मिळायला नशीब लागतं. एक बाई तर डोळे ओले करून माझ्याकडं बघून हसल्या.

मला त्या सगळ्यांना ओळीनं उभं करून छडी मारावीशी वाटली. पण खरं सांगायचं तर त्याहून वाईट गोष्ट माझ्या आत झाली होती. मलाच शंका आली. मी नळावर तोंड धुवायला गेले आणि तिथं डोक्यात चक्र सुरू झालं. तो मला ओळखतो. त्याला डाव सोडायचाच असता तर साधी चूक करून तो सोडणार नाही, मी लगेच पकडीन. तो असाच सोडेल, की मला वाटावं, हा प्यादेमातीच्या नादात फसला. हात वजिरावर नेऊन मागं घेतला, तो का घेतला? सकाळी काका जे बोलले ते त्यालाही ऐकू गेलं होतं. ह्या माणसानं माझ्यावर दया तर केली नाही ना?

तो फाटकाजवळ पाठ करून उभा होता. मी जाऊन सरळ विचारलं, "सोडलात का?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. तसाच चालत पानटपरीकडं गेला. आणि तो पान खात नाही.

बक्षीस समारंभाला मी पुढच्या रांगेत मांडीवर कप घेऊन बसले होते, आणि तो कप मला कुणाच्या तरी लग्नात चुकून मिळालेल्या आहेरासारखा वाटत होता. प्रमुख पाहुणे चांगले गृहस्थ होते, बुद्धिबळातलं त्यांना काही कळत नव्हतं, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पण संयोजकांनी त्यांच्या कानात काहीतरी घातलं होतं. ते माईकवर म्हणाले, "आज या ठिकाणी एका पतीनं हातात आलेला विजय आपल्या पत्नीच्या आनंदासाठी सोडून दिला. असा त्याग आजकाल बघायला मिळत नाही. मी त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो." टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या कपाला नाही झाला एवढा. कानशिलं तापली माझी. मी कप खुर्चीवर ठेवून निघून जायला उठणारच होते.

तो स्टेजवर चढला. पाहुण्यांनी शाल उलगडली, हात पसरले. आणि तो एक पाऊल मागं सरकला. शाल पाहुण्यांच्या हातातच राहिली.

"शाल नको मला," तो म्हणाला. माईक लांब होता, कुणाला ऐकू आलं नाही. मग त्यानं माईक हातात घेतला. लग्नात आणि बारशात दोन शब्द बोला म्हटलं तर मांडवाच्या मागं जाऊन लपणारा हा माणूस. "मी सोडला न्हाई," तो म्हणाला. सभागृह हसलं. त्यांना वाटलं, विनय.

त्याचा आवाज चढला. मी त्याचा इतका चढलेला आवाज घरात कधी ऐकला नाही. "अहो, हसायलाव काय? मी न्हाई सोडला! मला वजिराची मात दिसली होती. हात बी गेला होता. पण मला प्यादेमात करायची होती. हिच्यावर. सगळ्यांच्या समोर. बाबाला फोन करून सांगणार होतो मी." तो थांबला, आणि मग जे बोलला ते बोलताना त्याच्या मानेपर्यंत लाली चढली. "हिचा घोडा तिथं हाय हेच इसरलो मी. आत्ताच उंट मारलेला माझा तेनं, आन् मी इसरलो."

तो तेवढ्यावर थांबला नाही. स्टेजच्या कोपऱ्यात डाव दाखवायचा मोठा पट टांगलेला होता. तो ओढून त्यानं पुढं आणला, भराभर सोंगट्या लावल्या, आणि वर्गात फळ्याजवळ उभं केलेल्या पोरासारखा स्वतःची चूक सगळ्यांना समजावून सांगायला लागला. हे माझं प्यादं. हे इथून असं जाणार होतं. हा वजीर त्याच्या पाठीशी. आणि हा घोडा, हा इथं, एवढा मोठा, दिसतोय ना सगळ्यांना? मला न्हाई दिसला. प्याद्याकडं बघत बसलो.

पहिल्यांदा काका फुटले. "अरे देवा! खरंच प्यादेमात करायलता की ह्यो!" असं म्हणून ते मांडीवर थापा मारत हसायला लागले, त्यांना ठसका लागला, शेजारच्यानं पाठ चोळली. मग अख्खं सभागृह हसलं. मघाशी त्याच्या मोठ्या मनाला टाळ्या वाजवणारे तेच लोक आता त्याला पोट धरून हसत होते. कुणी ओरडलं, "भाऊ, निदान हत्ती तरी वाचवायचा!" तो म्हणाला, "कसा वाचवू? तेनं तिघाला एकदम धरलं की!" प्रमुख पाहुणे उघडी शाल हातात घेऊन उभेच होते. शेवटी त्यांनी ती जवळ उभ्या असलेल्या पंचांच्या खांद्यावर टाकली. पंचही नमस्कार करून मोकळे झाले.

मी हसत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गप्प बसला असता, शाल घेतली असती, तर तो आयुष्यभर जिल्ह्यात मोठ्या मनाचा माणूस म्हणून मिरवला असता. त्यानं हावरट आणि विसरभोळा म्हणून हसं करून घेणं पसंत केलं. माझा विजय माझ्याकडं राहावा म्हणून? मला वाटतं, त्याच्या डोक्यात तेवढंसुद्धा नव्हतं. तो नुसता चिडला होता. खरोखर हरलेला माणूस चिडतो तसा चिडला होता, आणि त्याचं चिडणं बघून मला जो आनंद झाला तो आधीच्या कुठल्याही बक्षिसानं झाला नव्हता. मी कप उचलून छातीशी धरला. आता तो माझा होता.

निघायच्या आधी त्यानं झरीला फोन लावला. स्पीकरवर. सगळं ऐकून घेतल्यावर सासऱ्यांनी एकच विचारलं, "प्यादं कुठवर गेलतं?"

"एक घर राह्यलं होतं बाबा."

"अरारा," सासरे म्हणाले. त्यांचं मनापासून हळहळणं फोनमधूनही कळत होतं. मग जिंकलं कोण ते त्यांना आठवलं असावं. "सूनबाईला दे." मी 'हां बाबा' म्हटल्यावर ते म्हणाले, "लय चांगलं केलंस. त्याला ल्हानपणापासून सांगायलोय, आधी समोरच्याचे घोडे मोज. ऐकत न्हाई. आता तुझं ऐकंल."

आम्ही मोटारसायकलवरून गंगाखेडला निघालो. कप माझ्या मांडीवर, दोघांच्या मधे. उन्हं उतरली होती, दोन्ही बाजूला ऊस उभा होता आणि वारा तोंडावर छान लागत होता. मला मोठ्यानं गाणं म्हणावंसं वाटत होतं, पण समोर एवढी रागावलेली पाठ असताना गाणं म्हणणं बरं दिसलं नसतं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. त्यानं गाडी उभी करून इंजिन बंद केलं. मान न वळवता म्हणाला, "वजिराचं प्यादं कामून काढलंस पहिल्यांदा?"

"सांगणार नाही."

"कधी केलीस तयारी?"

"तुम्ही ड्युटीवर असताना."

"किती दिवस?"

"तेही सांगणार नाही."

रेल्वे आली, धडधडत गेली. फाटक वर झालं. समोरच्या गाड्या निघाल्या, ट्रॅक्टर निघाला, आणि आमची गाडी तिथंच. मागून हॉर्न वाजायला लागले. मी त्याच्या खांद्याला हात लावला. "अहो, चला की. फाटक उघडलं."

"थांब गं," तो चिडून म्हणाला. "हरलोय मी. कुठं चुकलं ते बघू दे जरा."

मागचे लोक हॉर्न वाजवत होते, कुणीतरी शिवी पण दिली, आणि मी त्याच्या मागं बसून ते हॉर्न पोटभर वाजू दिले.